हेरॉल्डची चॅसी

हेरॉल्डचं बॉनेट उघडलं की निम्मी गाडी उघडते. बहुतेक गाड्यांचं बॉनेट नाकाकडून वर उचलतात. हिचं काचेकडून सुटतं आणि दोन्ही मडगार्ड, दोन्ही दिवे, पुढची जाळी असं सगळं अंगावर घेऊन पुढे कलतं. मग चाकं उघडी पडतात, स्प्रिंगा दिसतात, स्टिअरिंगचा रॅक दिसतो आणि मधोमध ते लहानसं बिडाचं इंजिन. मिस्त्री पुढच्या टायरवर ऐसपैस बसून काम करतो. गाडीखाली झोपायचं नाही, मान वाकडी करायची नाही. माणसानं हात घालावा म्हणूनच घडवलेली ही गाडी, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडीला हात घालणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

गाडी माझ्या एका मित्राची. त्याचे वडील गडहिंग्लज भागात डॉक्टर होते. ही दोन दारांची स्टँडर्ड हेरॉल्ड घेऊन ते खेडोपाडी व्हिजिटला जात. ते गेले, घरात नव्या गाड्या आल्या आणि हेरॉल्ड गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली जाऊन बसली. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. तळाचा पत्रा गंजून खालची जमीन दिसायला लागली, इंजिन जाम झालं, सीटांत उंदरांनी बिऱ्हाडं केली. टेंपोत घालून तिला उद्यमनगरात आणलं तेव्हा मिस्त्रींनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. पेटीतली लहान हातोडी घेतली, उकिडवे बसले आणि चॅसीवर टोकत टोकत पुढून मागे सरकत गेले. टण्, टण्, टण्. मागच्या चाकाजवळ आवाज बसका आला. तिथं त्यांनी खडूनं गोल काढला. पुन्हा टण्, टण्. दोन्ही बाजूंची फेरी पुरी झाली तेव्हा खडूचे गोल मोजकेच होते. हात पुसत ते म्हणाले, "चॅसी जित्ती हाय. मग बाकीचं काय बी करता येतंय."

मित्राच्या मनात होतं ते असं: गाडी उघडी करायची, दोनच माणसांची करायची, मागची बाजू नवी घडवायची आणि आत अलीकडचं इंजिन बसवायचं. जिला आपण स्पोर्ट्स कार म्हणतो तशी. ऐकून बऱ्याच जणांनी तोंडं वाकडी केली. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक पंथ असा आहे की त्यांना नटबोल्टसुद्धा मूळचाच हवा. त्यांचं प्रेम खरं आहे, आणि गाडी शाबूत असेल तिथं मी त्यांच्याच बाजूचा आहे. पण या गाडीचं शाबूत असं फार थोडं उरलं होतं. तिला जशीच्या तशी उभी करायची तर सुटे भाग कुठून कुठून गोळा करावे लागले असते, आणि तरी ती एखाद्या हॉलमध्ये दोरीच्या पलीकडेच उभी राहिली असती. गाडी चालली पाहिजे, वळली पाहिजे, तापली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय हेरॉल्डचा जन्मच जोडकामातून झाला आहे. इंग्लंडमधल्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉडी पुरवणारा मोठा कारखाना फिशर अँड लडलो. 1953 साली तो बीएमसी या प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतला. अख्खी बॉडी एकसंध दाबून देणारा हक्काचा पुरवठादार हातचा गेला. त्या काळात बाकीचे कारखाने वेगळी चॅसी सोडून मोनोकॉककडे, म्हणजे बॉडी हाच सांगाडा असलेल्या गाड्यांकडे, वळत होते. हॅरी वेब्स्टर यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी उलटी वाट धरली. खाली स्वतंत्र चॅसी ठेवायची आणि वर बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून बोल्टांनी बसवायचे. नाक वेगळं, मधला भाग वेगळा, मागचा वेगळा, छप्परसुद्धा बोल्टांवर. इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी तिला रेघ दिली. 1959 साली ती तिकडे रस्त्यावर आली आणि 1961 मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं ती इथं बनवायला घेतली. मोनोकॉक गाडीचं छप्पर कापलं की तिचं हाड मोडतं. हेरॉल्डचं छप्पर पान्यानं सोडवून बाजूला ठेवता येतं. कोल्हापूरच्या त्या शेडमध्ये ते तसंच सोडवून भिंतीला टेकवून ठेवलं, आणि गाडी जागची हलली नाही.

स्पोर्ट्स कारचं म्हणाल तर तीही याच घरची. हेरॉल्डचीच चॅसी आखूड करून, चाकांमधलं अंतर साडेएक्याण्णव इंचांवरून 83 इंचांवर आणून, मिकेलोत्तींनी एक देखणी दोन माणसांची उघडी गाडी काढली होती. कंपनीकडे पैसा नव्हता, नमुना कॅन्लीच्या कारखान्यात एका कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिला. 1961 मध्ये लेलँडनं कंपनी घेतली. नव्या मालकांची माणसं काय काय आहे ते बघत फिरत असताना त्यांनी ते कापड उचललं. पुढच्याच वर्षी ती ट्रायम्फ स्पिटफायर म्हणून बाजारात आली. तिच्या नात्यातली सहा सिलिंडरची जीटी6 त्यानंतरची. म्हणजे डॉक्टरांच्या व्हिजिटच्या गाडीत शर्यतीची गाडी पहिल्यापासून होती.

मित्राला स्पिटफायरसारखीच आखूड गाडी हवी होती. मिस्त्रींनी साफ नकार दिला. चॅसी कापायची नाही, की जोडायची नाही. गंजलेल्या जागा कापून तिथं त्याच जाडीचा पत्रा भरायचा, बस्स. त्यामुळे गाडीची शेपटी थोडी लांब राहणार होती. तो लांबटपणा पुढे मला फार गोड वाटायला लागला.

मूळचं 948 सीसीचं इंजिन पस्तीसेक हॉर्सपॉवरचं. बोअर करून, लाइनर घालून, क्रँक ग्राइंड करून तेही पुन्हा चालू झालं असतं; ज्या गावच्या शिरोलीत पिस्टन बनतात आणि गोकुळ शिरगावात बेअरिंग बनतात, तिथं हे काही अवघड नाही. पण त्याचे गिअर, त्याचं कूलिंग, त्याचं घाटातलं धापा टाकणं मित्राला आठवत होतं. कुणी म्हणालं, जीपचं डिझेल टाका. कुणी दोन लिटरचं पेट्रोल इंजिन सुचवलं. मिस्त्री सगळं ऐकून घेत आणि एकच विचारत, "एवढं इंजान वढंल ओ, पर थांबवणार कोण?" जुन्या 948 हेरॉल्डला चारही चाकांना ड्रम ब्रेक. चाकं बारीक. मागचं डिफरन्शियल छोट्या इंजिनाच्या बेतानं केलेलं. शेवटी मारुती जिप्सीचं 1298 सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन आणि त्याचाच पाच गिअरचा गिअरबॉक्स ठरला. हे इंजिन उभं बसतं, मागच्या चाकांना ताकद देतं, त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा पुढचा भार उलट कमी झाला. साठेक हॉर्सपॉवर. 1962 च्या पहिल्या स्पिटफायरला 63 होते, आणि तिला कंपनीनं पुढे डिस्क ब्रेक दिले होते. त्या बेताला धरूनच इथंही पुढे डिस्क बसल्या. जी ताकद या चॅसीनं एकदा पेलून दाखवली आहे तेवढीच तिला द्यायची, हा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो.

जुनं इंजिन मात्र विकलं नाही. तेल भरून, तोंडं बंद करून, ते लाकडी ठोकळ्यांवर शेडच्या कोपऱ्यात ठेवलं आहे. त्याच्यावरचा नंबर पुसट होऊ नये म्हणून मिस्त्रींनी तिथं ग्रीस चोपडलं आहे.

नवं इंजिन चेन ब्लॉकवरून खाली सोडलं तेव्हा ते बसेना. त्याचा सम्प, म्हणजे खालची तेलाची टाकी, चॅसीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर टेकत होता. दोनच वाटा होत्या: पट्टी कापा किंवा सम्प बदला. चॅसीला हात न लावण्याचं ठरलेलंच होतं. मग नवा सम्प ओतायचा ठरला, आणि त्यानिमित्तानं मला ती गोष्ट जवळून बघायला मिळाली जिच्यासाठी हे गाव ओळखलं जातं.

दोन गल्ल्या पलीकडे एक वयस्कर पॅटर्नवाले आहेत. लाकडाचे साचे करतात. त्यांच्या टेबलावरची फुटपट्टी मी हातात घेतली तर माझ्या पट्टीशी ती जुळेना. ॲल्युमिनियम ओतल्यावर गार होताना मीटरमागे साधारण 13 मिलिमीटर आकसतं, बीड 10 मिलिमीटर. म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर किंचित मोठा असतो. तो आधीच आकसणं धरून मोजतो. सागवानाचा सम्प त्यांनी रंध्यानं, पटाशीनं आणि शेवटी काचकागदानं असा गुळगुळीत केला की हात फिरवत राहावं. प्रत्येक उभ्या भिंतीला बारीक ढाळ ठेवला, कारण पॅटर्न वाळूतून सरळ वर निघाला पाहिजे, भिंत ओरबाडता कामा नये. वाळू खालून, कोकणातल्या कासार्ड्याची, घाट चढून आलेली. फाउंड्रीत ती पेट्यांत दाबली गेली, हवेच्या वाटा टोचल्या गेल्या, पॅटर्न अलगद उचलला गेला आणि वाळूत सम्पाच्या आकाराची पोकळी तेवढी राहिली. वितळलेलं ॲल्युमिनियम ओतताना फार आवाज होत नाही. चंदेरी धार तोंडातून आत जाते आणि दुसऱ्या टोकाला वर चढून आली की ओतणारा थांबतो. तो थांबण्याचा क्षण डोळ्यांनी ठरवलेला असतो.

सम्प साफ करून, वरची कड मिलिंगवर सपाट करून आणला. मिस्त्रींनी त्याला बाहेरून खडूच्या पाण्याचा हात दिला, वाळू दिला आणि आत रॉकेल भरून रात्रभर ठेवला. सकाळी एका कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा ओला डाग होता. धातूत कुठंतरी सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं होतं. वेल्ड मारून भागलं असतं असं मला वाटलं, पण त्यांनी तो सम्प फाउंड्रीत परत पाठवला. फुटून, वितळून, तो त्याच पॅटर्नवरून पुन्हा ओतला गेला. दुसऱ्या सम्पावरचा खडू सकाळी पांढराच्या पांढरा होता.

हे कसब इथं आलं कुठून? ऊस आणि गुऱ्हाळ. चरक फिरवायला, विहिरीवर पाणी ओढायला ऑइल इंजिनं आली, ती बिघडू लागली, आणि दुसऱ्या महायुद्धात बाहेरचे सुटे भाग येईनासे झाले तेव्हा ते इथंच बनवावे लागले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार, रामभाई सामाणी ही नावं आजही उद्यमनगरात आदरानं घेतली जातात. पण दुरुस्तीतून निर्मितीकडे जाण्याची ही वाट त्याहून जुनी आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव सिनेमाच्या यंत्राच्या मागे लागले. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं 1918 साली स्वतःचा कॅमेरा चालता केला, आणि त्याच्या पाठोपाठ महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि 1920 चा 'सैरंध्री' उभा राहिला. चित्रकारांनी लेथवर उभं राहावं आणि यंत्र घडवावं, हे या गावानं शंभर वर्षांपूर्वी बघितलं आहे.

आणि दसऱ्याला कोल्हापुरात जी मेबॅक निघते, राजाराम महाराजांची, ती बघायला दसरा चौकात उभं राहिलेल्या कुणीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. मेबॅक कंपनी मुळात इंजिन आणि चॅसी बनवायची. बॉडी बहुतेक वेळा राव्हेन्सबर्गच्या स्पॉन या कारखान्यात बांधली जायची. इंजिन एकाचं, बॉडी दुसऱ्याची, ही त्या काळातल्या उंची गाड्यांची रीतच होती. आज आपण ज्याला उचापत म्हणतो ते तेव्हा कुलीन काम होतं.

मोठ्या कंपन्यांनीही हेच केलं. काही वेळा चांगलं, काही वेळा वाईट. मुंबईच्या प्रीमियरनं 1985 मध्ये फियाट 124 ची बॉडी घेऊन तिच्यात निसानचं 1171 सीसीचं इंजिन बसवलं. ती 118एनई. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आधी अँबॅसडरच्या इंजिनावर कण्हत होती, तिला पुढे इसुझुचं 1.8 लिटरचं इंजिन मिळालं तेव्हा ती खरी धावली; आजही तरुण पोरं जिच्यासाठी जीव टाकतात ती हीच इसुझुवाली. अमेरिकेत कॅरोल शेल्बीनं 1962 साली इंग्लंडच्या एसी कंपनीची हलकी एस ही गाडी घेतली आणि तिच्यात फोर्डचं व्ही8 बसवलं. तिची कोब्रा झाली. पण सात लिटरचं इंजिन घालायची वेळ आली तेव्हा चॅसीच्या मुख्य नळ्या 3 इंचांवरून 4 इंच केल्या, स्प्रिंगा बदलल्या, आणि मगच इंजिन घातलं. लोक कोब्राच्या इंजिनाच्या आवाजाबद्दल बोलतात. मला त्या एका इंचाबद्दल आदर आहे.

सगळ्यात दुखरी गोष्ट मात्र हेरॉल्ड बनवणाऱ्या मद्रासच्या त्याच कारखान्याची आहे. 1985 साली त्यांनी स्टँडर्ड 2000 काढली. बॉडी रोव्हर एसडी1 ची, त्या काळातल्या अत्यंत देखण्या गाड्यांपैकी एक. आत मात्र 1991 सीसीचं जुनं इंजिन, ज्याचं मूळ 1940 च्या दशकातल्या स्टँडर्ड व्हॅनगार्डमध्ये होतं. इंग्लंडात त्याच बॉडीत साडेतीन लिटरचं व्ही8 धावत होतं. दिसायला बाण आणि चालायला जड, अशी ती गाडी किमतीच्या मानानं लोकांना पटली नाही. 1988 मध्ये उत्पादन थांबलं आणि त्याबरोबर आपल्याकडचं स्टँडर्ड हे मोटारींचं नावच संपलं. नव्या कपड्यांत जुनं इंजिन घालून कंपनी बुडाली, आणि तिच्याच जुन्या चॅसीवर नवं इंजिन घालून उद्यमनगरात एक गाडी उभी राहते आहे, हे बघताना मला आनंद आणि हळहळ दोन्ही वाटतं. हेरॉल्ड ज्या समजुतीनं बनली होती, की वजन, ताकद आणि थांबण्याची शक्ती यांचा मेळ बसला पाहिजे, ती समजूतच त्या कारखान्यात शेवटी कुणी ऐकली नसावी.

आता बॉडी. पुढचं नाक जसंच्या तसं ठेवायचं यावर सगळ्यांचं एकमत होतं. डोळ्यांवर भुवया असलेलं ते नाक बदललं तर गाडी हेरॉल्ड राहिलीच नसती. मागची बाजू नवी करायची होती. डेंटर शनिवार पेठेतले, ट्रकच्या केबिनी आणि टेंपोच्या बॉड्या ठोकण्यात हयात गेलेली. त्यांनी फायबरला नकार दिला. फायबरला दोष नाही, हलकं असतं, गंजत नाही. पण त्यांचा हात पत्र्याचा. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं ते मारत गेले. सुरुवातीला पत्रा सगळा खळग्यांचा होतो, बघवत नाही. मग रोलर, मग गुळगुळीत हातोडी, मागून ठोकळा, पुढून हातोडी, आणि हळूहळू त्या खळग्यांतून एक सलग उतार दिसायला लागतो. दोन्ही बाजूंचे मडगार्ड सारखे झाले की नाहीत हे त्यांनी मापानं पाहिलं नाही. शेडमधले दिवे घालवून एक ट्यूबलाइट हातात घेतली आणि पत्र्यावरून ती हळूहळू मागे नेली. उजेडाची रेघ दोन्ही बाजूंना सारखी वळली पाहिजे. डावीकडे ती एका जागी किंचित थबकली. तिथं त्यांनी आणखी थोडं काम केलं. पटीन भरून झाकण्याचं त्यांच्या मनातही आलं नाही. छप्पर गेल्यामुळे दारांच्या चौकटी हलू नयेत म्हणून दाराखाली आणि सीटमागं जादा नळ्या दिल्या, आणि सीटमागची नळी कमान करून डोक्यापेक्षा उंच ठेवली.

हेरॉल्डचा एक जुना दोष तेवढा राहिला होता. तिच्या मागच्या चाकांना स्विंग ॲक्सल आहे. वळणावर जोरात गेलं आणि मध्येच ॲक्सिलरेटर सोडला, की बाहेरचं मागचं चाक घोडा पाय पोटाखाली घेतो तसं आत दुमडतं आणि गाडीचं बूड निसटतं. स्पिटफायरलाही हे दुखणं होतं. 1970 च्या चौथ्या आवृत्तीत मागची आडवी स्प्रिंग मधोमध फिरती करून त्यांनी ते बरंचसं घालवलं. मद्रासवाल्यांनी पुढे गॅझेल काढली तेव्हा तिला सरळ एकसंध ॲक्सल दिला. आमच्या गाडीत पाट्यांची कमान उतरवली. मार्केट यार्डाकडे ट्रकचे पाटे करणाऱ्याकडून ती बसकी करून घेतली, म्हणजे उभ्या गाडीतच मागची चाकं वरून किंचित आत झुकलेली राहतात आणि दुमडायला जागा कमी मिळते. त्या दिवशी मिस्त्रींनी गाडीच्या मागं उभं राहून बराच वेळ नुसतं बघितलं. मग म्हणाले, "आता उभी हाय कशी बगा, पैलवानावानी."

पहिली धाव हुपरी रस्त्याच्या बाजूला, मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅककडून परतताना बघितलेल्या एका मोकळ्या खासगी आवारात झाली. त्या ट्रॅकवर आम्ही गेलो तेव्हा लहान लहान पोरं कार्ट घेऊन वळणं घेत होती; देशातल्या कार्टिंगच्या शर्यती इथं झाल्या आहेत आणि या पोरांना वजन कुठल्या चाकावर जातं हे चालवताना कळतं. आमची गाडी टेंपोवरून उतरली. इंजिन पहिल्या फिरकीतच लागलं. रंग नव्हता, नुसता राखाडी प्रायमर. मित्र एकटाच बसला, हेल्मेट घालून, आणि हळू निघाला. आधी ब्रेक, मग पुन्हा ब्रेक. नंतर वळण, पुन्हा वळण. चौथ्या गिअरला आवाज बदलला आणि त्याच्या वडिलांच्या गाडीचं ते भुवयांचं नाक आमच्या दिशेनं येताना बघून त्याच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. म्हातारी एवढंच म्हणाली, "ब्रेक चांगला लागतोय न्हवं?"

ही गाडी आम्ही रस्त्यावर काढत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 स्पष्ट आहे: नोंदणीतला तपशील उत्पादकानं मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी चांगली व्यवस्था केली. विंटेज म्हणून वेगळी नोंद, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये आणि दहा वर्षांची मुदत. पण तिथंही चॅसी, बॉडी किंवा इंजिन बदललेलं चालत नाही. गाडी वयानं बसते, कामानं बसत नाही.

या कायद्यामागची काळजी मला मान्य आहे. गॅरेजमध्ये मोठं इंजिन कोंबून, ब्रेक तेच ठेवून घाटात सोडलेल्या गाड्यांनी माणसं मेली आहेत. पण चांगलं काम आणि वाईट काम एकाच कुंपणाबाहेर ठेवल्यानं चांगलं काम मरतं आणि वाईट काम लपून चालू राहतं. ब्रिटनमध्ये जुन्या गाडीची ओळख ठरवायला बरीच वर्षं गुणांची पद्धत होती. मूळची चॅसी असेल तर 5 गुण, सस्पेन्शनला 2, ॲक्सलना 2, गिअरबॉक्सला 2, स्टिअरिंगला 2, आणि इंजिनाला फक्त 1. आठ गुण भरले की गाडीचा जुना नंबर तिचाच. हातोडीनं टोकून मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी जे ठरवलं होतं तेच त्या कागदावर होतं. आणि जिथं गुण भरत नसत, तिथं एकेक गाडी तपासून तिला मान्यता देण्याची सोय तिकडे होती.

आपल्याकडे सीएनजीचे आणि विजेवर चालवायचे मान्यताप्राप्त किट जुन्या गाडीत बसवता येतात. पुण्यात 1966 पासून एआरएआय ही संस्था गाड्या तपासते आहे. कोल्हापूरहून पुणं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. एकेका गाडीची तपासणी करायची सोय तिथं सुरू करावी: ब्रेक बघा, धूर बघा, चॅसीचे सांधे बघा, वळणावर गाडी कशी वागते ते बघा, फी घ्या, नापास असेल तर परत पाठवा. आम्ही ट्रेलरवर घालून हेरॉल्ड आणू, आणि मिस्त्री प्रत्येक वेल्ड कुणी मारला ते सांगतील.

तोवर एक विनंती. तुमच्या घरामागं, शेडमध्ये, मळ्यात एखादी हेरॉल्ड, गॅझेल किंवा जुनी फियाट पडून असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी तिचा खालचा सांगाडा कुणा जाणत्याकडून टोकून घ्या. आरसी बुक सांभाळा. इंजिन बदलायचं झालं तर जुनं विकू नका, तेल भरून ठेवा. आणि चॅसीवरच्या नंबराच्या पट्टीला कुणालाही हात लावू देऊ नका.